दार जड होतं

मी बोलणारी मुलगी आहे. चौकात, कंपनीच्या गेटसमोर, कचेरीच्या पायऱ्यांवर, माइक असला तर माइकवर आणि नसला तर नुसत्या घशावर मी बोलत आलेय. पत्रकं लिहीत आलेय. पाठपोट एका कागदावर किती राग मावतो हे माझ्या बोटांना पाठ आहे. पण एवढं बोलून, एवढी शाई खर्च करून, एक गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही. आईजवळ नाही. गाण्याच्या पथकातल्या कुणाजवळ नाही. ज्याच्याशी लग्न करायचं जवळजवळ ठरलं होतं त्याच्याजवळही नाही – आणि ते ठरलेलं मोडलं, त्यात या न सांगण्याचाही थोडा हात असावा. पण ते जाऊ दे.

तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? तुम्ही मला कधी टाळ्या वाजवलेल्या नाहीत, म्हणून बहुधा.

आणि बघा – तुम्हालाही मी ते सरळ सांगत नाहीये. आधी बासबद्दल सांगणार आहे. चोर कसा घराभोवती फेऱ्या मारतो, तसं.

बास म्हणजे बास गिटार. चार जाड तारा. बाकीची वाद्यं कानाला कळतात; बास आधी तळपायाला कळतो, मग पोटाला, आणि कानापर्यंत पोचेस्तोवर तो तुमच्या आत राहायला आलेला असतो. कॉलेजात असताना एका कार्यक्रमाला मी भिंतीला पाठ लावून उभी होते. गाणं काय होतं ते आठवत नाही. भिंत आठवते. भिंत गुणगुणत होती – झोपलेल्या मोठ्या जनावराला टेकून उभं राहावं तसं वाटत होतं. मला वाटलं, आपल्या गाण्यांखाली असं काहीतरी हवं. आमच्या पथकात ढोलकी होती, डफ होता, पेटी होती, आणि घसे होते. वस्त्यावस्त्यांतून आम्ही गायचो – पाणी, रेशन, पाडापाडी. सगळं वरवर उडायचं. जमिनीत शिरणारं काही नव्हतं.

दुकानातला तयार बास मला नको होता. तत्त्व म्हणून. माझं तेव्हा सगळंच तत्त्व म्हणून असायचं. मग कळलं की बास सुटा मिळतो. लाकडी अंग, त्याला बॉडी म्हणतात, एका ठिकाणचं. लांब दांडा, म्हणजे नेक, दुसऱ्या ठिकाणचा. करणारे एकमेकांना आयुष्यात भेटत नाहीत. बॉडीत एक खाच असते, नेकचं बूड त्या खाचेत बसतं, मागून चार स्क्रू – झालं. मला हे फार आवडलं. दोन अनोळखी माणसांच्या हातचं काम तिसऱ्याच्या मांडीवर एकत्र येतं. मी नेक मागवला. फिकट, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. कसबा पेठेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तो कितीतरी दिवस खिडकीशी नुसता उभा होता, बॉडीशिवाय. खाली गल्लीत तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडायचे – ठण, ठण, ठण – आणि त्याच्या न लावलेल्या तारा मला ऐकू यायच्या. खरंच यायच्या.

बॉडी कशाची करायची ते मात्र ठरत नव्हतं. आणि मग सुमनमावशीचं दार आलं.

सुमनमावशी माझी सख्खी मावशी नव्हे. हडपसरला कालव्याच्या कडेला जी वस्ती होती, तिथली. आमचं घर तिथून जवळच्या कॉलनीत. माझे वडील पोस्टातले, घरी पंखा, पुस्तकं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. तीच तसबीर मावशीच्या पत्र्याच्या भिंतीवरही होती, पण पंखा नव्हता. वस्ती पाडायची नोटीस आली तेव्हा आम्ही गाणी घेऊन गेलो, पत्रकं घेऊन गेलो, आडवेही पडलो. वस्ती पडलीच. पडायच्या आदल्या दिवशी सगळे भांडीकुंडी काढत होते आणि मावशी बिजागऱ्यांचे स्क्रू काढत होती. तिला दार हवं होतं.

ते दार तिच्या नवऱ्यानं केलेलं. तो कारखान्यात होता. तिथं मशिनं ज्या जाड फळ्यांवर बसून यायची, त्या टाकून दिलेल्या फळ्या त्यानं एकेक करून घरी आणल्या, रंधल्या, जोडल्या. कुठल्या देशातलं, कुठल्या झाडाचं लाकूड, कुणाला ठाऊक. पण जड. उघडताना ते दार हुंकार द्यायचं. नवरा गेला, दार राहिलं. दाराला साखळीची कडी होती. कडी सोडली की ती लोंबकळत हलायची, आणि हलता हलता तिनं फळीवर एक अर्धा चंद्र कोरला होता. गुळगुळीत. बोट आपोआप त्यात जायचं.

मग त्यांना इमारतीत फ्लॅट मिळाला. तिथं दारं आधीच बसवलेली – पोकळ, एकसारखी, टकटक केलं तर पुठ्ठ्यासारखी वाजणारी. मावशीचं दार जिन्यापाशी भिंतीला टेकून राहिलं. शेजारी कुरकुरायला लागले.

"ह्याचं काय करू गं पोरी?" मावशी मला म्हणाली. "सगळे म्हनत्यात, जाळून टाक."

मी म्हटलं, "मावशी, ह्याचा बास करू."

"म्हंजे काय?"

"वाद्य. गिटारसारखं."

ती हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. "दार? वाजंल का ते?"

"वाजेल."

"मग ने. कडी पण ने. पर पहिलं मला ऐकवायचं."

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. 'वाजेल' म्हणताना माझ्या डोक्यात सूर नव्हता. वाक्य होतं. 'पाडलेल्या घराचं दार आता बोलणार.' मी घरी आले आणि पहिल्यांदा ते लिहून काढलं. मग पत्रक. मग पोस्टर – काळ्यावर पांढरी अक्षरं, खाली कार्यक्रमाची तारीख. पोस्टर चिकटवून झालं तरी त्या दाराला करवत लागलेली नव्हती. आमच्यात हे असंच चालतं. घोषणा आधी, वस्तू नंतर. मोर्चा ठरतो, मग माणसं जमतात. आणि जमतात म्हणून आपल्याला वाटत राहतं की सगळंच असं जमतं. लाकूड जमत नाही.

गल्लीतल्या फर्निचरवाल्यांनी दुपारी मशीन वापरू दिलं. ते स्वतः करून देतो म्हणत होते. मीच नको म्हटलं. दुसऱ्याच्या हातून झालेलं मला पत्रकात लिहिता आलं नसतं ना.

ती दुपार मी विसरणार नाही. दार कापलं तेव्हा आतून वास आला – धुराचा, खोबरेल तेलाचा, आणि त्याखाली कुठला तरी थंड, ओला, लांबचा वास. न पाहिलेल्या जंगलाचा असावा. भुसा उन्हात तरंगत होता. खाली बसतच नव्हता. मी आकार काढला, कडा गोल केल्या, अर्धा चंद्र वरच्या बाजूला येईल असं पाहिलं. फळी मांडीवर घेतली तर मांडी सुन्न व्हायची, इतकी जड. मी तिच्यावर कान ठेवला. हसू नका. बोटानं टकटक केलं तर आत खूप खोल कुणीतरी 'हं' म्हटल्यासारखं वाटलं. इतकं सुख मला कुठल्याही मोर्चात झालेलं नाही.

मग खाच पाडायची वेळ आली. नेक जिथं बसतो ती.

फळीत एक काळा ठिपका होता. मी पाहिला होता. जुन्या लाकडात खिळा राहिलेला असतो हे मला माहीत होतं. म्हटलं, गाठ असेल. का म्हटलं? पोस्टरं लागली होती म्हणून. कार्यक्रम तोंडावर होता आणि गाठ असणं सोयीचं होतं.

राउटरचं, म्हणजे खाच कोरणाऱ्या मशीनचं, पातं खिळ्यावर गेलं. जो आवाज झाला त्यानं समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. फळी खाचेपासून थेट बुडापर्यंत उभी चिरली. अर्धा चंद्र मधोमध दुभंगला.

चिकटवता आली असती का? आली असती. वेळ लागला असता, पण आली असती. मावशीला सांगता आलं असतं का? ते तर किती सोपं होतं. ती म्हणाली असती, फुटलं तर फुटलं, तुला लागलं का? मला माहीत आहे, ती हेच म्हणाली असती. मी तिला ते म्हणायची संधी दिली नाही.

मी तयार बॉडी मागवली. लवकरात लवकर पोचणारी.

ती आली तेव्हा खोकं इतकं हलकं होतं की आत काही आहे की नाही असं वाटलं. स्वच्छ, गोरं, मऊ लाकूड. खाच आधीच पाडलेली, कागद सरकवायलाही फट राहणार नाही अशी नेमकी. आणि त्या खाचेच्या तळाशी जांभळ्या शाईचा शिक्का – बनवणाऱ्याची खूण. नेक बसला की शिक्का झाकला जातो. जगात कुणाला दिसत नाही. चार स्क्रू काढले तरच.

ती जुनी दिसावी म्हणून तिला काळ्या चहाचे हात दिले. लोखंडाचे गंजके खिळे व्हिनेगरमध्ये भिजवून ते पाणी फासलं, लाकूड काळवंडलं. मग मावशीची कडी घेतली. बॉडी भिंतीला टेकवली, कडी वरून बांधली, आणि हलवत बसले. एकसारखी. तिच्या संसारानं जो चंद्र कोरला होता तो मी एका दुपारी कोरत होते. जमेना तेव्हा पटाशी घेतली, मग पॉलिश पेपर. खाली ठोके चालूच होते – ठण, ठण. शेवटी बोट घालून पाहिलं. बोट आपोआप गेलं.

आणि खरं दार? ते गोणीत घालून जिन्याखाली ठेवलं होतं. आमच्या घरमालक काकांकडे अजून तांब्याचा बंब आहे. अंघोळीचं पाणी लाकडावर तापतं, आणि भाडेकरूंना सकाळी एकेक बादली. काका गोणीकडे बघून म्हणाले, "अहो, हे लाकूड आपल्या चळवळीला लागणार आहे की बंबाला चालेल?"

मी म्हटलं, "न्या."

एवढंच. एक शब्द. पत्रकात एवढ्या शब्दाला आम्ही ओळही देत नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी चांगलंच कढत होतं. काका दारातून म्हणाले, "तुमच्या क्रांतीचं लाकूड चांगलं पेटतं हो. नाहीतर ती पेटताना आम्ही कुठे बघितलीय." मी हसले. आणि अंघोळ केली. त्या दारावर तापलेल्या पाण्यानं मी डोक्यावरून अंघोळ केली, आणि मला – हे मला लिहायलाच हवं – मला बरं वाटलं. वाफेत उभी होते. हलकं वाटत होतं. आता पुरावा उरला नव्हता ना.

कार्यक्रम इमारतीखालच्या मैदानात झाला. बुद्धवंदनेनं सुरुवात, मग मावशीला स्टेजवर बोलावलं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. मी बास तिच्यापुढे धरला. तिचा हात पुढे आला आणि बोट सरळ त्या चंद्रात गेलं. मागे-पुढे, मागे-पुढे. डोळे मिटून. माइक जवळ होता, म्हणून ती पुटपुटली ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. "हेच. हेच गं बाई."

मग मी वाजवला. आणि तो वाजला – काय सांगू तुम्हाला. मैदान गुणगुणलं. पत्रे, खुर्च्या, पाण्याचा टँकर, लोकांच्या बरगड्या, सगळं एका खालच्या सुरात आलं. संध्याकाळ होती, धूळ सोनेरी होती, आणि वस्ती जणू जमिनीतून परत वर येत होती, एकेक घर, एकेक चूल. मावशी पुढच्या रांगेत तळवे जमिनीला टेकवून बसली होती. "माझं दार बोलाया लागलं," ती शेजारणीला सांगत होती. वस्तू खोटी होती आणि सूर खरा होता. याचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबूल करायचा गुन्हा. हा नाही. इथवर मी फक्त खोटारडी होते.

गाणं संपल्यावर सागर स्टेजजवळ आला. सागर मावशीचा एकुलता मुलगा, माझ्याहून लहान, एका आयटी कंपनीत वायरिंग, एसी, लिफ्ट असलं सगळं बघायचा. वस्तीतून फ्लॅटच्या कागदावर पहिल्या सह्या ज्यांनी केल्या त्यांतला तो एक. त्यावरून आमचं त्याच्याशी वाजलं होतं. मावशीही त्याला टोचायची, पण ताटात वाढताना टोचायची, तसं. दोघं एकाच घरात होती.

त्यानं बास उचलला. एका हातानं. खांद्यापाशी धरून पाहिला. मग मला, अगदी हळू, म्हणाला, "ताई, हे आमचं दार नाहीये."

मी म्हटलं, "काय?"

"आमचं दार जड होतं. लहानपणी मला ते खांद्यानं ढकलायला लागायचं. ह्यानं तर वखारीतला काटा पण हलायचा नाही."

तो भांडायला आलेला नव्हता. विचारायला आला होता. मी हळूच म्हणू शकले असते – सागर, थांब, नंतर बोलू. तेवढं पुरलं असतं. पण माइक माझ्या हातात होता. आणि माझ्या हातात माइक असताना मी कधीच थांबलेली नाही.

मी मैदानाकडे तोंड करून म्हटलं, "हे आपले सागरभाऊ. म्हणतात, दार हलकं लागतंय. ज्यांनी पहिली सही करून पोकळ दाराचा फ्लॅट घेतला, त्यांच्या खांद्याला आता बापाचं दार ओळखू येईल कसं?"

टाळ्या पडल्या. हसू फुटलं. शिट्ट्याही. वाक्य चांगलं होतं, मी ते तिथल्या तिथं बांधलं होतं, आणि बांधताना मला ते बरोबर कुठे लागणार हेही माहीत होतं. सागरनं बास खाली ठेवला – आपटला नाही, नीट ठेवला – आणि आईकडे पाहिलं. मावशीनं मान फिरवली.

पुढच्या पत्रकात ते वाक्य आलं. मीच घातलं. पुढं एका गाण्यातही आलं, 'पोकळ दारवाल्या'. वस्तीवस्तीत म्हटलं जायचं. सागर त्याच महिन्यात लोणी काळभोरला खोली घेऊन राहायला गेला. तिथंच त्याचं लग्न झालं, मावशी गेली नाही. मुलगी झाली, मावशी गेली नाही. "बापाच्या हाताच्या वस्तूला ज्यानं खोटं म्हनलं, त्याच्या दारात मी न्हाय जायची," असं ती मला चहा देताना सांगायची. कितीदा सांगितलं. मी बशीत चहा ओतायचे. फुंकायचे. तिच्या डोळ्यांखाली नातीला न पाहिल्याचं काळं साचत चाललं होतं आणि मी फुंकत होते. एका वाक्यानं तो घरात परतला असता. माझ्याजवळ वाक्यांची वानवा होती का?

काही वर्षं गेली. बास आमच्या पथकाची ओळख झाला. लोक स्टेजवर येऊन त्याला हात लावतात, फोटो काढतात. मी कुणाला नाही म्हणत नाही.

आता ते. ज्याच्याभोवती मी फिरतेय.

यंदाच्या उन्हाळ्यात मावशीचा फोन आला. "बास घेऊन ये. सागर येनार हाय." आवाज वेगळाच होता. मला वाटलं, सगळं कळलं. खरं सांगू? जिना चढताना मला जवळजवळ सुटल्यासारखं वाटत होतं.

आत मावशी खुर्चीत होती, खूप वाळलेली. सागर भिंतीशी उभा, त्याची बायको दाराशी, आणि एक छोटी मुलगी फरशीवर बसून चप्पल चावत होती. बायकोनं ती काढून घेतली. मावशीनं नातीकडे पाहिलंही नव्हतं अजून – म्हणजे पाहत होती, पण चोरून. मी बास कॉटवर ठेवला.

मावशी म्हणाली, "आधी ते म्हन. मग पोरगी मांडीवर घेते."

सागर पुढे आला. बासवर तळवा ठेवला. मी त्याचा तळवा पाहत होते. तो त्या चंद्रावर गेला नाही. बाजूलाच राहिला.

"आपलंच दार आहे, आई."

"तिला बी म्हन. मैदानात तिचा अपमान केलास."

तो माझ्याकडे वळला. डोळ्याला डोळा दिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, विनंतीही नव्हती. त्याला माहीत होतं. मला माहीत होतं, की त्याला माहीत आहे. आईच्या मांडीवर लेक जावी म्हणून तो, एकटा खरं बोललेला माणूस, खोटं बोलत होता.

"ताई," तो म्हणाला, "चुकलं माझं."

पंखा फिरत होता. मी एवढा वेळ काय केलं? आठवत नाही. तोंड उघडलं एवढं आठवतं.

मी म्हटलं, "असू दे, सागर. होतं असं."

मी त्याला माफ केलं.

हे ते आहे. दार फोडलं, जाळलं, चंद्र कोरला, मैदानात त्याला नागडं केलं, हे सगळं एकीकडे. आणि ते वाक्य एकीकडे. किती मोठ्या मनानं म्हटलं मी ते. मावशीच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कौतुक आलं. तिनं नातीला उचलून मांडीवर घेतलं, तिच्या केसांत नाक खुपसलं आणि रडली. मग म्हणाली, "वाजव गं, पोरीला आजोबाचं दार ऐकू दे." मी वाजवलं. छोटीनं मांडीवरून वाकून बॉडीला कान लावला, आणि खालचा सूर तिच्या गालातून गेला तशी ती खुदकन हसली. सागर खिडकीबाहेर पाहत होता.

मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारत आलेय – तुम्ही गप्प का राहिलात? साहेबांना, नगरसेवकांना, बघ्यांना. पत्रकात ती ओळ मी ठळक छापते.

बास आता माझ्यासमोर कॉटवर सुटा पडलाय. मी चार स्क्रू काढले. नेक एकीकडे, बॉडी एकीकडे. खाचेतला जांभळा शिक्का जरासुद्धा उडालेला नाही. हवा नाही, ऊन नाही, कसा उडेल. खिडकीतून दुपार आलीय. खाली ठोके चालू आहेत, आणि दर ठोक्याला बॉडीवर सैल पडलेल्या तारा अगदी किंचित थरथरतात.

रविवारी हे असंच सुटं घेऊन मावशीकडे जाणार आहे. सागरलाही तिथंच बोलावलंय. आयुष्यात पहिल्यांदा मी कागद नंतर ठेवलाय. तुमच्या हातात हा पडेल तेव्हा त्या दोघांनी हे माझ्या तोंडून ऐकलेलं असेल. ते काय म्हणाले, ते मी कुठेही लिहिणार नाही. त्यावर माझा हक्क नाही.

आमच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी 'आमच्या मागण्या' असतात. या कागदाला मागणी नाही. सागर खरं बोलला होता. दार जड होतं.